जुळ्या नगरांची चुरस

१९६५ सालच्या मे महिन्यात अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात एक विलक्षण प्रकार घडला. उन्हाळ्यातील दीर्घ उजेडाचा लाभ घेता यावा म्हणून घड्याळे तासभर पुढे करण्याची त्या देशात पद्धत आहे. त्या वर्षी सेंट पॉल या शहराने ९ मे रोजी आपली घड्याळे पुढे केली. शेजारच्या मिनिआपोलिस शहराने मात्र राज्याच्या कायद्यात सांगितलेली २३ मे ही तारीख सोडण्यास साफ नकार दिला. परिणाम असा झाला की, दोन आठवडे या दोन शहरांच्या वेळेत एका तासाचे अंतर राहिले. एका शहरात राहून दुसऱ्या शहरात नोकरीला जाणाऱ्या माणसाला घरची वेळ निराळी आणि कचेरीची वेळ निराळी, असा दुहेरी हिशेब सांभाळावा लागला. दोन्ही शहरांच्या मध्यवस्तींमधील अंतर अवघे सोळा किलोमीटर! पण मानापमानाचा प्रश्न आला की सोळा किलोमीटरही फार लांब होतात.

मिनिआपोलिस आणि सेंट पॉल ही अमेरिकेतील सुप्रसिद्ध जुळी शहरे होत. मिसिसिपी नदीच्या आश्रयाने दोघे वाढली. त्यांच्या हद्दी एकमेकींना भिडलेल्या आहेत. २०२० च्या जनगणनेत मिनिआपोलिसची लोकसंख्या ४,२९,९५४ आणि सेंट पॉलची ३,११,५२७ भरली. आपल्याकडील हुबळी आणि धारवाड या जुळ्या शहरांचा कारभार १९६२ पासून एका महानगरपालिकेकडे आला. मिनेसोटातील या जुळ्यांनी मात्र आपापले महापौर, आपापल्या नगरसभा आणि आपापले अभिमान आजतागायत वेगळे राखले आहेत. नागरी सुखसोयी आणि सांस्कृतिक जीवन या दोन्ही बाबतींत त्यांची शंभर-सव्वाशे वर्षांची चुरस पाहिली, म्हणजे चुरशीमुळे शहराला काय लाभते आणि कशाला मुकावे लागते, हे दोन्ही स्पष्ट दिसते.

या प्रदेशाचे मूळ रहिवासी डकोटा लोक. मिनेसोटा आणि मिसिसिपी या नद्यांचा संगम त्यांच्या दृष्टीने पवित्र. त्याच संगमावर १८२० च्या दशकात अमेरिकन सैन्याने किल्ला बांधला आणि गोऱ्या वसाहतकारांची वर्दळ सुरू झाली. किल्ल्याच्या परिसरातून हुसकावून लावलेल्यांपैकी पॅरंट नावाचा एक मद्यविक्रेता होता. तो एका डोळ्याने अधू असल्याने लोक त्याला ‘डुकरडोळ्या’ म्हणत, आणि त्याच्या गुत्त्याभोवती जी वस्ती झाली तिलाही तेच नाव पडले. १८४१ साली गाल्तिए या फ्रेंच धर्मगुरूने तेथे ओंडक्यांचे एक लहानसे प्रार्थनामंदिर उभारले, ते संत पॉल यांना अर्पण केले, आणि वस्तीचे नाव पालटले. नदीतून वर येणाऱ्या आगबोटी येथपर्यंतच सुखरूप पोहोचत. त्यामुळे सेंट पॉल हे बंदर झाले, पेठ झाली आणि १८४९ मध्ये नव्या प्रांताची राजधानीही झाली.

आगबोटी पुढे जाऊ शकत नसत, याचे एक कारण म्हणजे वरच्या अंगाला असलेला सेंट अँथनीचा धबधबा. जे एका शहराच्या वाटेतले विघ्न, ते दुसऱ्या शहराचे भाग्य ठरले. पाण्याच्या त्या जोरावर प्रथम लाकूड कापण्याच्या आणि मागाहून पीठ दळण्याच्या गिरण्या चालू लागल्या. काठावरच्या नव्या गावाला डकोटा भाषेतील ‘पाणी’ आणि ग्रीक भाषेतील ‘नगर’ या शब्दांची सांगड घालून मिनिआपोलिस असे नाव दिले गेले. १८७२ मध्ये पैलतीरावरचे सेंट अँथनी हे गाव त्यात विलीन झाले. १८८० पासून १९३० पर्यंत साऱ्या अमेरिकेत सर्वांत जास्त पीठ दळणारे शहर म्हणजे मिनिआपोलिस. या वैभवाची किंमतही मोजावी लागली. २ मे १८७८ रोजी वॉशबर्न यांच्या सर्वांत मोठ्या गिरणीत हवेत तरंगणाऱ्या पिठाच्या धुळीचा भडका उडून १८ कामगार मरण पावले.

अशा रीतीने एक शहर व्यापाराचे आणि राजसत्तेचे, तर दुसरे कारखान्यांचे. एक खाली, एक वर. १८५१ साली प्रांताच्या विधिमंडळाने राजधानी सेंट पॉलकडेच ठेवली आणि नियोजित विद्यापीठ धबधब्याजवळच्या सेंट अँथनीला दिले. ते पुढे अर्थातच मिनिआपोलिसचे झाले. मात्र त्याच विद्यापीठाचा शेतकी विभाग सेंट पॉलच्या कडेला वसविण्यात आला. गव्हाच्या बुटक्या जाती सिद्ध करणाऱ्या नॉर्मन बोरलॉग यांचे शिक्षण याच विद्यापीठात झाले. १९४२ मध्ये त्यांनी येथे वनस्पतिरोगशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. १९६० च्या दशकात त्यांच्या बियाण्याने भारतातील गव्हाच्या शेतीचे रूपच बदलले. या जुळ्या शहरांचे आणि भारतीय घरातल्या पोळीचे नाते हे असे आहे.

१८८० च्या शिरगणतीत मिनिआपोलिसने प्रथमच सेंट पॉलला मागे टाकले आणि ईर्ष्येला खरा रंग चढला. १८९० ची शिरगणती तर दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांनी आणि वृत्तपत्रांनी युद्धासारखी लढवली. मिनिआपोलिसच्या काही शिरगणकांना खोट्या नोंदी केल्याच्या आरोपावरून अटक झाली. सेंट पॉलमध्ये आनंदाचे भरते आले. पण तो आनंद फार काळ टिकला नाही. सरकारने दोन्ही शहरांची पुन्हा मोजणी करविली, तेव्हा सेंट पॉलच्या याद्यांतही रेल्वे स्थानकात ‘राहणारी’ शेकडो माणसे आणि केशकर्तनालयात ‘वास्तव्य करणारी’ कुटुंबे सापडली. मिनिआपोलिसने सुमारे १८ हजार आणि सेंट पॉलने सुमारे ९ हजार माणसे कागदावर जन्माला घातली होती. अखेरचे अधिकृत आकडे १,६४,७३८ आणि १,३३,१५६ असे जाहीर झाले. संख्येचा निकाल मिनिआपोलिसच्या बाजूने लागला आणि अब्रूच्या बाबतीत दोघे सारखेच उतरले.

या चुरशीने काही सुंदर गोष्टीही निर्माण केल्या. १८८५ साली न्यूयॉर्कच्या एका बातमीदाराने सेंट पॉलच्या हिवाळ्याची तुलना सैबेरियाशी केली आणि ते माणसांनी राहण्याजोगे ठिकाणच नव्हे असे लिहिले. सेंट पॉलने रागावून पत्र पाठवले नाही. १८८६ मध्ये त्या शहराने बर्फाच्या विटांचा भव्य राजवाडा बांधला आणि ऐन थंडीतच उत्सव मांडला. तो हिवाळी उत्सव ही आज त्या शहराची ओळख आहे. मिनिआपोलिसने १९४० मध्ये आपल्या तळ्यांच्या साक्षीने उन्हाळी जलोत्सव सुरू केला. धर्ममंदिरांच्या बाबतीतही हेच. सेंट पॉलच्या टेकडीवर महामंदिर आणि मिनिआपोलिसमध्ये सेंट मेरीची बॅसिलिका अशा दोन्ही वास्तूंची उभारणी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाली. गंमत अशी की, दोन्हींचा आराखडा एकाच वास्तुशिल्पज्ञाचा, इमॅन्युएल मास्करे यांचा, आणि दोन्हींमागची प्रेरणा एकाच आर्चबिशपांची, जॉन आयर्लंड यांची. ‘त्यांना मिळाले, मग आम्हांला का नको?’ या प्रश्नाला त्या चतुर धर्मगुरूंनी दोन घुमटांनी उत्तर दिले.

आता नागरी सोयींकडे वळू. मिनिआपोलिसच्या मुकुटातील पहिले रत्न म्हणजे तेथील उद्याने. १८८३ मध्ये राज्याच्या कायद्याने आणि मतदारांच्या कौलाने तेथे उद्यान मंडळ स्थापन झाले. हे मंडळ नगरसभेच्या हाताखाली नाही. त्याचे सभासद जनता स्वतंत्रपणे निवडते आणि त्याला स्वतःचे उत्पन्न आहे. चार्ल्स लोरिंग त्याचे पहिले अध्यक्ष. होरेस क्लीव्हलँड या भूदृश्यकाराने मंडळाला एकच गोष्ट परोपरीने समजावून सांगितली. ती अशी की, जमीन स्वस्त आहे तोवर तळ्यांचे आणि नदीचे काठ ताब्यात घ्यावेत, कारण बागा मागाहून लावता येतील, पण हातची गेलेली जमीन परत मिळणार नाही. पुढे थिओडोर वर्थ यांनी १९०६ पासून १९३५ पर्यंत अधीक्षक म्हणून हे स्वप्न प्रत्यक्षात उतरवले. तळी, झरे, मिनेहाहाचा धबधबा आणि मिसिसिपीचा काठ यांना जोडणारा सुमारे ८० किलोमीटर लांबीचा हिरवा फेरा त्या शहराभोवती तयार झाला. तळ्याकाठी बंगला कोणाचाही असो, पाण्याला लागून असलेली पायवाट बहुतेक सर्व ठिकाणी सार्वजनिक आहे.

याच क्लीव्हलँडांनी १८७२ साली, म्हणजे अकरा वर्षे आधी, सेंट पॉललाही हाच उपदेश केला होता. सेंट पॉलने दुसऱ्याच वर्षी कोमो तळ्याभोवतीची विस्तीर्ण जागा घेतली, परंतु पुढे बरीच वर्षे ती तशीच पडून राहिली. आज त्या जागी उद्यान आहे, १९१५ सालचे काचेचे वनस्पतिगृह आहे आणि प्राणिसंग्रहालय आहे. प्राणिसंग्रहालयाच्या दारावर तिकीट नाही; ज्याला जे द्यावेसे वाटेल ते त्याने पेटीत टाकावे. विस्ताराच्या दृष्टीने मिनिआपोलिस श्रेष्ठ, पण पहिल्या पावलाचे श्रेय सेंट पॉलचे. क्लीव्हलँडांची आणखी एक इच्छा होती. दोन शहरांच्या मधली मिसिसिपीची खोल घळ हा दोघांचा समाईक ठेवा मानून तिचे दोन्ही काठ राखावेत, असे ते सांगत. आज नदीच्या दोन्ही काठांनी झाडीतून जाणारे रस्ते आहेत. काठ जपताना तरी दोन्ही शहरांनी एका माणसाचे ऐकले.

दुसरी सोय हवामानाने सुचवली. मिनेसोटात जानेवारीतील रात्री तपमान उणे वीस अंश सेल्सिअसच्या खाली उतरणे ही नवलाची गोष्ट नाही. शिवाय १९५६ मध्ये मिनिआपोलिसच्या सीमेवरील ईडायना येथे साउथडेल हा संपूर्ण बंदिस्त बाजार उघडला आणि गिऱ्हाईक शहराच्या मध्यवस्तीकडे पाठ फिरवू लागले. तेव्हा १९६२ मध्ये लेस्ली पार्क या उद्योजकाच्या पुढाकाराने मिनिआपोलिसमधील दोन इमारतींच्या दुसऱ्या मजल्यांना जोडणारा काचेचा बंद पूल रस्त्यावरून टाकण्यात आला. हळूहळू अशा पुलांचे जाळे सुमारे पंधरा किलोमीटरपर्यंत पसरले. कचेरी, दुकान, उपाहारगृह, बँक, सर्वत्र अंगात कोट न घालता हिंडता येऊ लागले. १९६७ मध्ये सेंट पॉलनेही असे पूल बांधण्यास आरंभ केला.

वरवर पाहता दोन्ही सोयी एकसारख्या आहेत. परंतु एक मूलभूत भेद आहे. मिनिआपोलिसचे पूल त्या त्या इमारतीच्या मालकांचे आहेत. कोणता पूल किती वाजता बंद करावा, तेथे कोणाला बसू द्यावे, हे मालक ठरवतात. सेंट पॉलचे पूल नगरपालिकेच्या अखत्यारीतील सार्वजनिक वाटा आहेत आणि त्यांच्या वेळा व नियम नगरसभा ठरवते. म्हणून एकाकडे जाळे मोठे आहे आणि दुसऱ्याकडे हक्क मोठा आहे. थंडीत कुडकुडणाऱ्या निराधार माणसाला या दोन गोष्टींतला फरक नगररचनाकारापेक्षा लवकर समजतो. अर्थात दोन्हीकडे एक दोष समान आहे. माणसे वरून चालू लागली आणि खालचे रस्ते ओस पडले. १९६७ मध्ये मिनिआपोलिसने मोटारींना मज्जाव करून निकोलेट हा खास पादचाऱ्यांचा मार्ग सजवला खरा. पण डोक्यावरून जाणारी वाट उबदार असताना हिवाळ्यात खालून कोण चालणार?

जुन्या वास्तूंच्या बाबतीत दोघांचे स्वभाव अगदीच भिन्न. मिनिआपोलिस उतावळे, नव्याचा हव्यास धरणारे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या पुनर्रचनेत मध्यवस्तीतील सुमारे दोनशे इमारती पाडण्यात आल्या. त्यांत १८९० साली बांधलेली मेट्रोपॉलिटन बिल्डिंग होती. आतल्या उंच प्रकाशचौकाला काचेच्या फरशीच्या गॅलऱ्यांनी वेढलेली ती वास्तू १९६१-६२ मध्ये जमीनदोस्त झाली. सेंट पॉल मंदगतीचे. त्याच्याजवळ पाडापाडीला पैसाही कमी होता. या संथपणाने पुष्कळ वाचले. रेल्वेसम्राट जेम्स हिल यांचा वाडा जिच्यावर आहे ती समिट अ‍ॅव्हेन्यू आपल्या जुन्या घरांसह आजही उभी आहे. १९०२ साली पूर्ण झालेली न्यायालयाची मनोऱ्यांची इमारत पाडण्याचे घाटत होते, तेव्हा नागरिकांनी ती वाचवली आणि १९७० च्या दशकात तिचे कलाकेंद्र झाले. शेजाऱ्याचा हा धडा मिनिआपोलिसने उशिरा का होईना गिरवला. जेम्स हिल यांनीच १८८३ मध्ये धबधब्याजवळ बांधलेला दगडी कमानींचा रेल्वे पूल १९९४ मध्ये पादचाऱ्यांना खुला झाला आणि वॉशबर्न गिरणीच्या जळक्या भिंतींमध्ये २००३ साली संग्रहालय उघडले.

कलेच्या प्रांतात मिनिआपोलिसची श्रीमंती डोळ्यांत भरते. त्याचा वाद्यवृंद १९०३ मध्ये स्थापन झाला. कलासंग्रहालयाची भव्य वास्तू १९१५ मध्ये उघडली आणि तेथील नित्याचा प्रवेश आजही विनामूल्य आहे. लाकडाच्या व्यापारी वॉकर यांच्या संग्रहातून आधुनिक कलेचे केंद्र निर्माण झाले. १९५९ मध्ये नाट्यदिग्दर्शक टायरोन गथ्री यांनी न्यूयॉर्कच्या व्यापारी रंगभूमीला कंटाळून, ‘दुसऱ्या कोणत्या शहराला उत्तम नाट्यगृह हवे आहे काय?’ असे जाहीर आवाहन केले. सात शहरांनी उत्सुकता दाखवली. मिनिआपोलिसने जागा दिली, निधी उभारला आणि ७ मे १९६३ रोजी ‘हॅम्लेट’ने पडदा उघडला. २००६ पासून ते नाट्यगृह नदीकाठी, जुन्या गिरण्यांच्या शेजारी, ज्याँ नुव्हेल यांनी रचलेल्या नव्या इमारतीत आहे.

सेंट पॉलचे वैभव इतके दिमाखदार नाही, पण ते घरोब्याचे आहे. १९५९ मध्ये तेथे लहान वाद्यवृंद स्थापन झाला. तो आपल्या मुख्य सभागृहापुरता न राहता मोहल्ल्यांतील आणि उपनगरांतील चर्चमध्ये जाऊन वाजवतो. स्कॉट फिट्झजेराल्ड यांचा जन्म १८९६ मध्ये याच शहरात झाला आणि आपली पहिली कादंबरी त्यांनी समिट अ‍ॅव्हेन्यूवरील घरात पुरी केली. १९७६ मध्ये लू बेलामी यांनी पेनुम्ब्रा ही कृष्णवर्णीयांची नाट्यसंस्था काढली. नाटककार ऑगस्ट विल्सन १९७८ पासून १९९० पर्यंत सेंट पॉलमध्ये राहिले, पेनुम्ब्राच्या रंगमंचावर घडले आणि त्याच काळात पुलित्झर पारितोषिकाचे दोनदा मानकरी झाले. आणि ‘पीनट्स’ या चित्रमालिकेचे जनक चार्ल्स शुल्झ कोणाचे? ते जन्मले मिनिआपोलिसमध्ये आणि वाढले सेंट पॉलमध्ये. तो खटला अद्याप निकालात निघालेला नाही.

इथवर पारडे कधी या बाजूला, कधी त्या बाजूला झुकते. परंतु शहराच्या काही गरजा अशा असतात की, त्यांना सीमारेषा ठाऊक नसते. पहिली गरज सांडपाण्याची. मिनिआपोलिस नदीच्या वरच्या अंगाला. त्याची घाण वाहत सेंट पॉलच्या दारात येई. १९१७ मध्ये दोन शहरांच्या मधे धरण झाले आणि जे वाहून जात होते ते साचू लागले. तेव्हा नाइलाजाने दोन्ही शहरे एकत्र बसली. १९३३ मध्ये संयुक्त सांडपाणी मंडळ निर्माण झाले आणि १९३८ मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. मिसिसिपीच्या काठच्या कोणत्याही महानगरातील ते पहिलेच. ते बांधले गेले ‘डुकरडोळ्या’ याच नावाच्या तळ्याजवळ! १९४३ मध्ये विधिमंडळाने दोघांसाठी एकच विमानतळ मंडळ नेमले. १९६७ मध्ये साऱ्या परिसराच्या नियोजनासाठी महानगर परिषद स्थापन झाली. १९७१ च्या कायद्याने तर एक धाडसी पाऊल टाकले. परिसरातील सात जिल्ह्यांत व्यापारी व औद्योगिक मालमत्तेच्या करपात्र मूल्यात जी वाढ होईल, तिच्यातील ४० टक्के वाटा एका सामाईक खात्यात जमा करायचा आणि तो गरजेप्रमाणे सर्व गावांत वाटायचा. एका गावात मोठा बाजार आला, तर त्याचा थोडा लाभ शेजारच्या गरीब गावालाही मिळावा, हा त्यामागचा हेतू.

खेळाच्या मैदानावरही हेच घडले. १९०२ पासून १९६० पर्यंत मिनिआपोलिसचा ‘मिलर्स’ आणि सेंट पॉलचा ‘सेंट्स’ हे बेसबॉलचे संघ एकमेकांचे हाडवैरी होते. सणाच्या दिवशी सकाळचा सामना एका शहरात आणि दुपारचा दुसऱ्या शहरात होई, आणि प्रेक्षक ट्रॅममध्ये बसून भांडत भांडत पलीकडे जात. १९६१ मध्ये राष्ट्रीय दर्जाचा संघ मिळाला, तेव्हा तो कोणाच्या नावाने ओळखावा हा पेच पडला. संघाचे नाव राज्यावरून ठेवले गेले, टोपणनाव ‘ट्विन्स’ म्हणजे जुळे असे पडले, आणि त्याचे मैदान दोन्ही शहरांच्या बाहेर, ब्लूमिंग्टनमध्ये होते. मिनिआपोलिसच्या वाद्यवृंदानेही १९६८ मध्ये राज्याचे नाव धारण केले.

तथापि या समेटाच्या कथेत एक मोठी उणीव राहते. दोन शहरांची तुलना करणारे कोष्टक बागा, नाट्यगृहे आणि पूल मोजते. त्या सुखसोयी कोणाच्या वाट्याला आल्या हे मोजत नाही. मिनिआपोलिसच्या तळ्यांभोवतीची पायवाट सर्वांची होती. पण १९१० पासून पुढे कित्येक दशके हजारो घरांच्या खरेदीखतांत, हे घर गोऱ्यांखेरीज कोणाला विकू नये, अशी अट घातली जात असे. अशा नव्या अटी घालण्यावर राज्याने १९५३ मध्ये बंदी घातली. ज्यूंना तेथे जी वागणूक मिळे ती पाहून, देशातील ज्यूद्वेषाची राजधानी म्हणजे मिनिआपोलिस, असा शेरा लेखक कॅरी मॅक्विल्यम्स यांनी १९४६ मध्ये मारला. महापौर ह्यूबर्ट हम्फ्री यांनी त्याची लाज वाटून घेतली, आणि १९४७ मध्ये नोकरीतील भेदभावाला मनाई करणारा नियम नगरसभेने संमत केला.

सेंट पॉलला याबाबतीत प्रौढी मिरवता येणार नाही. जुन्या वास्तू जपणाऱ्या त्या शहरानेच रॉन्डो ही कृष्णवर्णीयांची नांदती वस्ती मोडू दिली. दोन्ही शहरांच्या मध्यवस्तींना जोडणारा मोटारींचा महामार्ग १९५६ ते १९६८ या काळात रॉन्डोच्या छातीवरून गेला आणि सुमारे सहाशे कुटुंबे बेघर झाली. दोन प्रतिस्पर्धी शहरे जोडण्यासाठी जो मार्ग बांधला, त्याने एका वस्तीचे दोन तुकडे केले. १९८३ पासून तेथील लोक दरवर्षी रॉन्डोच्या स्मरणार्थ मेळावा भरवतात. २०१५ मध्ये महापौर ख्रिस कोलमन यांनी शहराच्या वतीने त्यांची जाहीर क्षमा मागितली. आणि २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला, तेव्हा उसळलेल्या क्षोभाच्या ज्वाळा दोन्ही शहरांत दिसल्या. उत्तम उद्यानांच्या शहरात हे कसे घडले, असे पुष्कळांनी विचारले. त्याचे उत्तर काही अंशी त्या जुन्या खरेदीखतांत सापडते.

तरीही या शहरांना शिकता येते, याचा एक दाखला आहे. १८९० साली दोन शहरांना जोडणारी ट्रॅम युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूवरून धावू लागली होती. १९५४ मध्ये ट्रॅमगाड्या बंद पडल्या. पुढे त्याच मार्गावर नवी हलकी रेल्वे टाकण्याचे ठरले. पण खर्चाचे गणित जुळवताना रॉन्डोच्या जवळच्या भागातली वेस्टर्न, व्हिक्टोरिया आणि हॅमलिन ही तीन स्थानके आराखड्यातून गळली. या भागात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबे राहतात. १९७५ नंतर आग्नेय आशियातून आलेल्या ह्मॉंग आणि व्हिएतनामी निर्वासितांची दुकाने येथे आहेत. बसची ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्यांच्या दारावरून गाडी न थांबता जाणार होती. एका महामार्गाचा अनुभव गाठीशी असलेल्या लोकांनी या वेळी गप्प बसण्याचे नाकारले. त्यांनी सभा घेतल्या, अर्ज केले, आकडेवारी जमवली, आणि गतीपेक्षा थांबा महत्त्वाचा आहे हे अधिकाऱ्यांना पटवून दिले. २०१० मध्ये तिन्ही स्थानके मंजूर झाली. १४ जून २०१४ रोजी पहिली गाडी निघाली ती या तीन स्थानकांवर थांबत.

सुमारे १८ किलोमीटरच्या या मार्गावर आज मिनिआपोलिसचा विद्यार्थी आणि सेंट पॉलचा कारकून एकाच डब्यात बसतात. गाडी शहराची हद्द कोठे ओलांडते हे बहुतेक प्रवाशांच्या ध्यानातही येत नसेल. कोणते शहर श्रेष्ठ, या प्रश्नावर दोन्हीकडचे लोक यापुढेही हौसेने वाद घालतील आणि त्यात काही गैर नाही. त्या वादानेच त्यांना बर्फाचा राजवाडा दिला, दोन घुमट दिले, नाट्यगृह दिले. मात्र पाणी शुद्ध झाले, कराचा पैसा गरजू गावापर्यंत पोहोचला आणि गाडी व्हिक्टोरियाच्या थांब्यावर थांबली, ती एकमेकांशी चुरस केल्याने नव्हे. त्यासाठी कोणाला तरी शेजाऱ्याबरोबर एका टेबलाशी बसावे लागले, आणि ज्यांना टेबलाशी बोलावलेच नव्हते त्यांना दार ठोठवावे लागले.